सांडवा कुठाय?

इंजिनिअर निवृत्त होतो तो फक्त कागदोपत्री. आमचे काका महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे लंडनमधल्या पिनरला आले आणि वर्षाच्या आत त्यांनी अख्ख्या पिनरची पाहणी उरकली. सेंट जॉन चर्चच्या आवारात एक विचित्र थडगं आहे. दगडी मनोऱ्याच्या पोटातून, जमिनीपासून चांगल्या उंचीवर, शवपेटीची दोन टोकं बाहेर डोकावतात. पाहुणा आला की काका त्याला तिथे नेतात आणि भार कुठून कुठे उतरतो ते समजावतात. जवळच हीथ रॉबिन्सनचं संग्रहालय. दोऱ्या-कप्प्यांवर चालणाऱ्या त्याच्या वेडगळ यंत्रांची चित्रं बघून लोक हसतात. काका मात्र चष्मा पुसून म्हणतात, "ही गाठ सुटणार."

अशा माणसाच्या हाती वाग्नरची 'रिंग' लागली. चार संगीतिका, सगळं मिळून चौदा-एक तासांचं काम. बायरॉइटला 1876 साली ती पहिल्यांदा सलग झाली. तिच्या शताब्दीला पॅट्रिस शेरोनं जो प्रयोग बसवला त्याचं पुढे चित्रीकरण झालं, आणि त्या डीव्हीडींचा संच सुनेला कुणीसा भेट दिला होता. काकांनी लागोपाठ चार रविवार जाहीर केले. आम्ही गेलो ते काकूंच्या चिवड्याच्या भरवशावर.

सुरुवातीला चारेक मिनिटं वाद्यमेळ एका सुराला धरून बसतो. "काळी दोन," काकू म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी हार्मोनियमच्या शिकवण्या केल्या आहेत. "तंबोरे लावतायत. लावू द्या."

मग ऱ्हाईनच्या जलकन्या आल्या, आणि त्यांच्यामागे चक्क धरण! देवांची कथा शेरोनं गिरण्या-यंत्रांच्या काळात आणून ठेवली म्हणून 1976 साली प्रेक्षकांनी आरडाओरडा केला होता. काका खवळले, पण निराळ्या कारणानं. त्यांनी चित्र थांबवलं, टीव्हीला नाक लावलं आणि विचारलं, "सांडवा कुठाय?"

"अहो, ते नेपथ्य आहे."

"असू दे. पूर काय नेपथ्य बघून येतो?"

पुढची कथा तर त्यांच्या खात्यातलीच निघाली. देवांचा राजा वोटान दोन राक्षसांकडून महाल बांधून घेतो आणि मोबदला म्हणून मेहुणी देऊ करतो. "म्हणजे तरतूद नसताना काम काढलं," काका म्हणाले. "निविदा नाही, आगाऊ रक्कम नाही." पुढे मेहुणीऐवजी सोनं द्यायचं ठरतं. तिच्यापुढे सोन्याचा ढीग रचायचा, ती दिसेनाशी झाली की हिशेब पुरा. फट उरते, ती बुजवायला शापित अंगठीही द्यावी लागते. इथे काका मांडी ठोकून ओरडले, "बरोबर! अंतिम देयक हे मोजमापावरच! एम.बी.त नोंद केली का कुणी?" बर्नार्ड शॉला या संगीतिकांत भांडवलशाही दिसली आणि 1898 साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. काका तिथे मेजरमेंट बुकाच्या वाटेनं पोचले, आणि मला तरी त्यांची वाट जास्त खात्रीची वाटते.

दुसऱ्या रविवारी जरा अडचण झाली. ताटातूट झालेले जुळे बहीण-भाऊ भेटतात, एकमेकांना ओळखतात आणि तरीही प्रेमात पडतात. खोलीत सून होती. काका एकाएकी छताकडे बघू लागले. "ही भेग जुनी आहे की नवी?" प्रसंग संपेपर्यंत आम्ही सगळे भेग बघत होतो. नंतर वोटानची बायको फ्रिका नवऱ्याला धारेवर धरायला आली तेव्हा काकूंनी आवाज वाढवला. एवढ्या चौदा तासांत रिमोट त्यांच्या हातात आला तो तेवढाच.

तिसऱ्या रविवारचा ड्रॅगन माणसं ढकलत आणतात. काकांनी त्याची चाकं पास केली.

चौथ्या रविवारी सगळं संपलं. वोटानची लेक ब्रुनहिल्ड आगीत शिरली, देवांचा महाल पेटला, काकूंनी डोळ्याला पदर लावला. एवढ्यात ऱ्हाईनला पूर आला. काठ सोडून पाणी वर आलं आणि काका खुर्चीतून उठून उभे राहिले. चेहऱ्यावर असं समाधान मी सत्यनारायण आटोपलेल्या यजमानाच्याच तोंडावर पाहिलंय. "पहिल्या दिवशी बोललो होतो की नाही?"

कोट चढवताना आम्हाला पुढची तारीख मिळाली. आता 'पार्सिफल'. "1882 सालचं," काका काकूंना पटवत होते, "तुझ्या 'सौभद्रा'च्याच वर्षीचं."

"त्यात बांधकाम आहे का?" काकूंनी थेट विचारलं.

"एक किल्ला आहे ना! दुसऱ्या अंकाच्या शेवटी कोसळतो."