अस्सल चाहता

खारबावच्या नाक्यावर मँचेस्टरची जर्सी घातलेली पोरं ‘काल आपण हरलो’ म्हणून सुतकी चेहऱ्याने बसतात. आपण म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. रात्रभर जागरण, शिवाय रेफ्रीच्या कुळाचा उद्धार, निष्ठा सिद्ध!

इकडे जून 2018 मध्ये अंधेरीत भारताच्या फुटबॉल संघाने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं. सुनील छेत्रीचे तीन गोल, प्रेक्षक 2,569. शेवटी छेत्रीनेच व्हिडिओतून विनवलं: शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढच्या, केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. हात जोडल्यावर उगवतं तेही प्रेमच म्हणायचं.

आमच्या पोरांची अडचण मात्र खरी आहे. दिवा-वसईच्या मोजक्या गाड्या, वसईला बदलून अंधेरी, आणि सामना संपल्यावर परत यायचं कशाने? त्यापेक्षा मँचेस्टर जवळ.

कोल्हापुरात ही भानगडच नाही. तिथे संघ निवडत नाहीत, पेठेबरोबर मिळतो. मंगळवार पेठेत जन्मलात की पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेत जन्मलात की शिवाजी तरुण मंडळ. नाक्यावर हे सांगितलं, तर एकाने गंभीरपणे विचारलं, “त्यांची जर्सी ऑनलाइन मिळते का?”