कोल्हापुरी गेमरशी न बोलायची रीत

ऑनलाइन गेम काढणाऱ्या कंपन्यांसाठी ही टिपणं आहेत. गेम करणं एकवेळ जमतं, खेळणाऱ्यांशी बोलणं जमत नाही. आणि ते शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर स्क्वॉड लावून बसलेले चौघं असतील तर आधीपासूनच जपून राहिलेलं बरं.

तक्रार आली की ती समजून घ्यायची नसते, तिला नंबर द्यायचा असतो. पोरगं लिहितं, "भावा, अख्खी मॅग रिकामी केली, समोरचा पडंना. वर त्यो भिंतीतनं बघतोय. पिंग तर लालच हाय. बघा की जरा." यात बंदूक, हॅकर आणि सर्व्हर अशा तीन तक्रारी आहेत, हे तुमच्या लक्षात येईल. येऊ देऊ नका. उत्तर एकच ठेवा : "प्रिय खेळाडू, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया ॲप काढून पुन्हा इन्स्टॉल करावे." गेम पुन्हा उतरेपर्यंत त्याचा दिवसाचा डेटा संपतो, म्हणजे तक्रारही संपते. हमखास उपाय.

बंदुकीचा जोर कमी केलात तर "किरकोळ सुधारणा" एवढंच लिहा. बाकीचं पोरं पहिल्याच मॅचला स्वतः शोधतात, तेही शिव्यांसकट. सर्व्हर बंद ठेवायची सूचना उशिरा पोचली तरी चालेल. नव्या स्किनची जाहिरात मात्र मिनिटभरही उशिरा पोचता कामा नये.

प्रेमळ भाषा पालकांसाठी राखून ठेवा. बीजीएमआय या गेमने 2021 मध्ये 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास खेळ आणि 7,000 रुपये खर्च अशी मर्यादा घातली. रोजचे सात हजार! गंगावेशीत म्हशी पिळून दूध विकणाऱ्या बापाने हे वाचलं तर कंपनीच्या काळजीने त्याला गहिवरूनच येईल.

पण खरा कस लागतो तो गप्प बसण्यात. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. त्याच्या जागी क्राफ्टन कंपनीने 2 जुलै 2021 ला बीजीएमआय आणला आणि 28 जुलै 2022 ला तोही गुगल-ॲपलच्या स्टोअरमधून दिसेनासा झाला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता ते खेळत राहिले. ज्याचा फोन फुटला त्याचा गेमही गेला. परत येतोय, ही घोषणा झाली 19 मे 2023 ला. मधल्या दहाएक महिन्यांत "कधी येणार?" या प्रश्नाला तारीख काही मिळाली नाही. अशा वेळी प्रत्येक कट्ट्यावर कुणाचा तरी मावसभाऊ हिंजवडीत कामाला निघतो. तो दर आठवड्याला नवी तारीख सांगतो, आणि कंपनीपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो.

इथे थोडं गंभीर होऊ. सरकारी आदेश आला की कंपनीच्या हातात फारसं काही उरत नाही, हे पोरांनाही कळतं. "आम्हालाही ठाऊक नाही, कळलं की सांगतो" असं कुणी रोखठोक सांगितलं असतं तर कोल्हापूरने चार शिव्या घालून ते ऐकून घेतलं असतं. इथे राग 'नाही' म्हटल्याचा येत नाही, गुळमुळीत बोलल्याचा येतो. पण हे वाक्य मार्गदर्शिकेत बसत नाही. वाचून विसरून जावं.

शेवटची खबरदारी पत्त्याची. क्राफ्टनचं मुख्यालय दक्षिण कोरियात, तिथे रंकाळ्यावरून कुणी जाब विचारायला जात नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगने मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये 'इंडस' हा गेम काढला, आणि कोल्हापूरहून पुण्याला दिवसभर एसटी सुटतात. पुण्यात ऑफिस थाटायचं असेल तर एक मराठी बोलणारा आणि रोज गेम खेळणारा माणूस दारातच बसवा.

शंका असल्यास जरूर कळवा. नंबर लगेच मिळेल.