नवोदितरावांचा खरीप हंगाम

मृगाचा पाऊस पडला की सांगली जिल्ह्यातला शेतकरी सोयाबीन टोकतो आणि आमचे नवोदितराव कथा टोकतात. मराठी कथेचा हंगाम खरिपाचाच. पेरणी जूनमध्ये, काढणी आश्विनात. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि त्या एका माणसाच्या हौसेपायी गेली शंभरावर वर्षं मराठी माणसाला प्रेम, मृत्यू, परात्मता वगैरे जे काही सुचायचं ते पावसाळ्यातच सुचतं. फेब्रुवारीत सुचलं तर कळ काढावी लागते.

नवोदितराव एका पतसंस्थेत वसुली अधिकारी आहेत. वय 48. मराठी साहित्यात नवोदित असायला वयाची अट नाही. एखादा संग्रह निघाला की माणूस ‘नवोदित’चा थेट ‘ज्येष्ठ’ होतो. मधे स्टेशनच नाही. आपले हे नवोदित अजून पहिल्याच स्टेशनावर आहेत, पण बॅग भरलेली आहे. आत्मचरित्राचं नाव ठरलंय, मनोगतात कुणाकुणाचे आभार मानायचे तेही ठरलंय. राहिल्या आहेत त्या फक्त कथा.

त्यासाठी पहाटे साडेचारचा गजर लावतात. एका मोठ्या लेखकानं मुलाखतीत सांगितलं होतं, मी पहाटे लिहितो. निवृत्त झाल्यापासून झोपच लागत नाही, असं ते पुढच्या पानावर म्हणाले होते, पण पान उलटायचं राहिलं. गजर झाला की उठतात त्या वहिनी. नवोदितराव सव्वापाचला उठतात. ‘अहो, उठलाच आहात तर मोटर लावा, नळाला पाणी आलंय,’ इथून त्यांच्या साहित्यसाधनेला सुरुवात होते.

मोटर लावून ते लॅपटॉप उघडतात. पहिला अर्धा तास फाँटमध्ये जातो. एका संपादकांना युनिकोड लागतं, दुसऱ्यांच्या डीटीपीवाल्याकडे अजून श्रीलिपी आहे, तिसरे म्हणतात कशातही पाठवा पण पीडीएफ नको. इकडचा मजकूर तिकडे नेताना वेलांट्या सुटतात आणि रफार शेजारच्या घरी जाऊन बसतो. त्यांच्या नायिकेचं नाव मुळात ऊर्मिला होतं. तिचा रफार काही केल्या जाग्यावर राहीना म्हणून ती सीमा झाली. पुढे एखादा समीक्षक या नावबदलात स्त्रीच्या मर्यादांचं प्रतीक शोधील तेव्हा त्याला डीटीपीवाल्याचा नंबर द्यावा.

‘सीमा खिडकीतून पाऊस पाहत होती.’ हे वाक्य त्यांच्याकडे तयारच असतं. खिडकी मुंबईतली, समुद्राकडे उघडणारी. नवोदितराव राहतात सांगलीच्या विश्रामबागेत आणि त्यांच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. पण टाकीकडे बघत बसणारी नायिका मराठीत चालत नाही. सीमाला नवरा आहे, तो तिला समजून घेत नाही, आणि शेवटी तिच्या हातातला चहा गार होतो. मराठी कथेत आजवर इतका चहा गार झाला आहे की या बायका तो करतात तरी कशाला, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या परिच्छेदापाशी वहिनी दळणाचा डबा आणून ठेवतात आणि त्या दिवसापुरतं साहित्य संपतं.

‘नोकरीनं माझ्यातला लेखक मारला,’ असं ते वारंवार म्हणतात. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवत होते, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, जयवंत दळवी अमेरिकन माहिती कचेरीत. यांच्यातला लेखक साहेबलोकांना कसा काय सापडला नाही, हे विचारलं की नवोदितराव म्हणतात, ‘त्यांना वसुली नव्हती.’

आता या वसुलीचंच सांगतो. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या कचेरीत बसलो असताना आटपाडीकडचा एक कर्जदार आला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, ‘सायेब, म्हस गेली.’ मोबाइलवर फोटो दाखवला. आडवी पडलेली म्हैस, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ.

नवोदितरावांनी चष्मा वर करून फोटो बघितला. ‘अरे, गेल्या साली तुझ्या चुलत्यानं हीच म्हैस दाखवली होती की!’

‘तीच की. तवा आजारी हुती. आता गेली.’

‘एका म्हशीवर दोघांनी कर्ज काढलंत?’

‘म्हस एक, पर धारा दोघं बी काढत हुतो न्हवं.’

यावर सहकार कायद्यात काय तरतूद आहे ते नवोदितरावांना आठवेना. त्यांनी चहा मागवला. त्या माणसानं बशीत ओतून सावकाश प्यायला, म्हशीच्या स्वभावाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, मुदत घेतली आणि जाताना एसटीच्या भाड्यापुरते पैसेही घेऊन गेला. नवोदितरावांनी फाइलवर शेरा मारला: ‘कर्जदाराने तारण जनावर मयत झाल्याचे सांगितले. पुढील तारीख दिली.’ आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला. सीमा खिडकीतून पाऊस पाहत होती.

आम्ही म्हटलं, ‘अहो, ती म्हैस लिहा.’

‘त्यात वैश्विक काय आहे?’

माडगूळ गाव त्याच आटपाडी तालुक्यात आहे. तिथल्या व्यंकटेश माडगूळकरांनी 1949 साली ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध केली. वैश्विकतेची ही अडचण त्यांना कुणी वेळेवर सांगितली नसावी. पुढे ते, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार असे तिघे गावोगाव कथा सांगत हिंडले आणि लोकांनी मांडव भरून ऐकल्या. नवोदितराव म्हणाले, ‘ते ग्रामीण हो. माझं मानवी आहे.’

असो. जुलैअखेर कथा तयार होते. बाहेर आयर्विन पुलाशी नदीचं पाणी किती फूट झालं याचे मेसेज येत असतात आणि नवोदितराव आवाहनातल्या अटी वाचत असतात. कथा पंचवीसशे शब्दांपर्यंत, स्वतंत्र, अप्रकाशित. तसे पत्र सोबत जोडावे. निवडीचे सर्वाधिकार संपादकांकडे. कृपया फोन करू नये. दिवाळीपर्यंत न कळवल्यास साहित्य नाकारले असे समजावे. या शेवटच्या अटीबद्दल आमची तक्रार आहे.

कारण पूर्वी नकार मिळत असे. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. म्हणजे आपल्या अपमानाचा टपालखर्च आपणच आगाऊ भरायचा, पण अपमान घरपोच मिळे. पोस्टमननं जाड पाकीट टाकलं की सगळ्या वाड्याला कळायचं: साभार परत. ‘सत्यकथा’ मासिकाकडून कथा परत आली तर कधी कधी सोबत संपादक श्री. पु. भागवतांचं किंवा राम पटवर्धनांचं पत्र असायचं. कथा कुठे सैल पडते, कुठे लेखक उगाच मधे बोलतो, हे त्यात लिहिलेलं. छापून आलेल्या कथांपेक्षा ही पत्रं लोकांनी जास्त जपली. 1969 मध्ये काही तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्यामागची कारणं मोठी होती, पण एवढं खरं, की होळी करण्याइतका राग यायला समोर संपादक बसलेला असावा लागतो. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. आता जाळायचं म्हटलं तर राउटर जाळावा लागेल.

आता उरल्या आहेत त्या दोन निळ्या खुणा. परवा रात्री पावणेबाराला नवोदितरावांनी वहिनींना हलवून उठवलं. ‘अगं, संपादकांनी वाचली!’

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले काही नाहीत. वाचली.’

‘कधी पाठवली होती?’

‘आत्ताच.’

वहिनी कूस बदलून झोपल्या. एवढी नेमकी समीक्षा त्या कथेला पुन्हा मिळाली नाही.

मग, फोन करू नये असं लिहिलेलं असूनही, फोन होतो. ‘बघतो.’ ‘जरा अडचणीत आहे.’ ‘गणपती होऊन जाऊ द्या.’ गणपती झाल्यावर, ‘आता पितृपंधरवड्यात कशाला?’ ही सगळी वाक्यं नवोदितराव रोज दिवसभर ऐकतात, पण त्यांवर विश्वास ठेवत नाहीत. संपादकांचं मात्र त्यांना खरं वाटतं. थकबाकीदारावर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला काढता येतो. संपादकावर काढता येत नाही, याची त्यांना मनापासून खंत आहे.

संपादकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर आमचीही कथा कुणी घेणार नाही. दिवाळी अंकाचा संपादक बहुधा एकटाच असतो. मुद्रितं तोच तपासतो, जाहिराती तोच गोळा करतो आणि दिवाळीत अंकांचे गठ्ठे स्कूटरवर पुढे ठेवून तोच पोचवतो. त्याच्याकडे कथा येतात त्या वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर. तिसरं पान उलटं आणि पाचव्या पानावर लेखकाचा अंगठा. आणि या कथा पाठवणाऱ्यांपैकी त्याचा गेल्या वर्षीचा अंक विकत घेतलेला माणूस शोधून सापडत नाही. आमचे नवोदितराव नगर वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत आहेत. फेब्रुवारीत अंक हातात पडला की ते अनुक्रमणिका वाचतात, त्यात कुणाकुणाची ओळख चालली ते मोजतात आणि अंक परत करतात.

मधे एकदा त्यांना अभिनंदनाचा मेसेज आला. एका राज्यस्तरीय प्रातिनिधिक कथासंग्रहासाठी त्यांची कथा निवडली गेली होती. ती त्यांनी अजून पाठवायची होती. सहभाग शुल्कात दोन प्रती, प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्ह. शाल हवी असल्यास वेगळे पैसे. त्यांनी शालीसकट भरले. सन्मानचिन्हावर नाव बरोबर आलं, आडनाव दुसऱ्याचं. ते टीव्हीशेजारी ठेवलंय, आडनावावर छोटी कुंडी.

पण खरा योग गेल्या भाद्रपदात आला. एका संपादकांचा आपणहून फोन! ‘कथा फार आवडली. जागेचा जरा प्रश्न आहे. तुमच्या पतसंस्थेची एक रंगीत फुलपेज जाहिरात झाली असती तर…’

नवोदितराव चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहित्य, संस्कृती, मराठी भाषेला मिळालेला अभिजात दर्जा, सगळं बोलून झालं. चेअरमनसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘फोटो केवढा?’

दिवाळीत अंक आला. डाव्या पानावर चेअरमनसाहेब हात जोडून, खाली व्हाइस चेअरमन आणि संचालक मंडळ, सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. उजव्या पानापासून नवोदितरावांची कथा. एका संचालकांचा फोटो राहिला होता, तो शेवटच्या पानावर चौकटीत घ्यावा लागला म्हणून कथेचा शेवटचा परिच्छेद गेला. चहा गार व्हायच्या आतच कथा संपली. एका वाचकानं त्यांना मुद्दाम फोन करून सांगितलं, ‘शेवट तुम्ही वाचकावर सोडलात. धाडस आहे.’ मानधन म्हणून एक प्रत मिळाली. नातेवाइकांसाठी आणखी दहा त्यांनी छापील किमतीला घेतल्या.

यंदाच्या जूनमध्ये चेअरमनसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर तोच अंक, पान उघडं.

‘काय हो, पान आपल्या पैशाचं आणि गोष्ट एकट्या तुमची?’

‘साहेब, तुम्हीही लिहा ना.’

‘लिहायला वेळ कुठाय? ती म्हशीची गंमत मासिक मीटिंगमध्ये सांगितलीत ना तुम्ही, आजारी हुती, मग गेली? तेवढी माझ्या नावानं टाइप करून टाका. आणि यंदा दोन पानं घेतो म्हणावं.’

नवोदितरावांनी ती दुपारी, कचेरीतच, दोन वसुलींच्या मधे टाइप केली. कर्जदार बोलला तशी. रफारसुद्धा कुठे हलला नाही. साहेबांच्या नंबरवरून पाठवून दिली आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत संपादकांचा व्हॉइस मेसेज आला. नवोदितरावांनी तो साहेबांना स्पीकरवर ऐकवला:

‘साहेब, लपून कुठे बसला होतात इतकी वर्षं? अहो, काय लिहिलंय! अगदी वैश्विक!’