संत्रं दर महिन्याला लागत नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांना गोटे मारतात, ते म्हणे एका जोडप्यापायी. पोरगा पांढुर्ण्याचा, पोरगी सावरगावची. पळून जाताना ऐन नदीत अडकले. त्यांना पुढे घर बांधायचं होतं की नाही, यावर आख्यायिका गप्प आहे. बांधायचं असतं, तर नदीला तिसरा काठ निघाला असता: बँकेचा.

आमच्या शेजारचे भाऊ आणि वहिनी सध्या तिथेच उभे आहेत. भाऊ झाडावरचा माल पाहून संत्र्यांचे बगीचे घेतात. लग्नसराईत वहिनींची शिलाई मशीन रात्री बारापर्यंत धडधडते. दोघंही कमावतात, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. फक्त आयकर विवरणपत्राला नाही. वर बँकेच्या गृहकर्जाच्या अर्जात ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना. भाऊ म्हणाले, "साहेब, संत्रं काय दर महिन्याले लागते का?" मुख्य बहार दोनच, आंबिया आणि मृग, आणि एका झाडावर धरायचा तो बहुधा त्यातला एकच. साहेब हसले. रकाना हसला नाही.

मग निघाला सिबिल. 300 ते 900 मधला हा आकडा माणसाची पत सांगतो, आणि भाऊंचा आकडा जुन्या पीककर्जानं बसवला होता. 17 डिसेंबर 2018 ला कमलनाथांनी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीवर सही केली. आता, माफ होणारं कर्ज कोण भरतो? भाऊ थांबले. मार्च 2020 मध्ये सरकारच गेलं. हप्ता थकलेला तो थकलेलाच. पुढे भाऊंनी सगळं फेडलं, पण पत नोंदवणाऱ्या कंपन्या नोंद किमान सात वर्षं जपतात. एवढ्या निष्ठेनं तर सोयरेही जुनं भांडण जपत नाहीत.

वहिनींची पाटी कोरी. त्यांनी आजवर उधार घेतलं नाही, म्हणून त्यांना आकडाच नाही! आमच्याकडे याला गुण म्हणतात.

आता वहिनी मशीनवरच्या कमाईचं विवरणपत्र भरायला लागल्या आहेत, सहकर्जदार म्हणून उभ्या राहायला. तुमचंही घराचं मनात असेल, तर चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. भूमिपूजनाचा मुहूर्त काढण्याआधी तो मागवा, आणि फेडलेलं कर्ज त्यात फेडलेलंच लिहिलंय ना, ते बघा.