बसत नाही बॉ

माझ्या मामांच्या ओठांवर एक गोल वळ आहे. अर्धा वरच्या ओठावर, अर्धा खालच्या. लग्नसराईत तो लालबुंद असतो, श्रावणात फिका पडतो. तुळशीची लग्नं लागली हे कळायला मामीला कॅलेंडर लागत नाही, ती मामांच्या तोंडाकडे बघते. मिशीची मामांना भारी हौस. पण वाद्याच्या काठाखाली केस आला की टोचतो, म्हणून नाकाखालचा भाग त्यांना दर आठवड्याला कातरावा लागतो. उरलेल्या दोन बाजू मात्र ते पीळ देऊन उभ्या ठेवतात.

मामा बीबीचे. मेहकरकडून सिंदखेडराजाला जाताना सुलतानपूर मागे पडलं की बीबी येते. तालुका लोणार, पण सरोवर बघायला आलेला पाहुणा इकडे सहसा वळत नाही. मामांची शेती सोयाबीन आणि तुरीची, आणि शेतीतून मोकळे झाले की बँड. बँडमध्ये ते ट्रंबोन वाजवतात. नळीत नळी सरकवून सूर काढायचं हे वाद्य. त्यात बोटं ठेवायला भोकं नाहीत, दाबायला खटके नाहीत. सरकत्या नळीच्या सात जागा, आणि त्या सातही डोक्यात ठेवायच्या. हल्ली बऱ्याच बँडांत खटक्यांचा ट्रंबोन असतो. त्याचा विषय काढला की मामा म्हणतात, "तो बटनाचा. मोबाईल वाजवल्यावानी." वरातीत सातव्या जागेपर्यंत हात लांब केला की पुढे नाचणाऱ्याच्या पाठीत नळीचं टोक बसतं. मामांच्या मते त्यात चूक नाचणाऱ्याची असते.

ही झाली दोन कामं. मामांचं तिसरं काम बारमाही आहे. ते माउथपीस शोधतात.

अशी माणसं तुमच्याही घरात असतील. करपलेली भाकरी ती निमूट खातात, एसटी दोन तास उशिरा आली तरी झाडाखाली बसून राहतात, भावानं बांध कोरला तरी "जाऊ द्या" म्हणतात. मात्र एका वस्तूवर त्यांचं समाधान म्हणून होत नाही. कुणाची ती उशी असते, कुणाची चष्म्याची काडी. मामांची वस्तू म्हणजे ओठाला लावायची, अंगठ्याएवढ्या लांबीची पितळी वाटी. आजवर जेवढ्या त्यांनी ओठाला लावल्या त्या प्रत्येकीबद्दल निकाल एकच: "बसत नाही बॉ."

निकाल लगेच लागत नाही. आधी माउथपीस धोतराच्या सोग्याला पुसला जातो. मग खिडकीकडे धरून एका डोळ्याने आरपार बघणं. मग करंगळीचं टोक काठावरून फिरवणं, डोळे मिटून. मग हिवाळा असेल तर काखेत धरून ऊब देणं. मग नुसताच ओठाला लावून, ट्रंबोनशिवाय, ओठ थरथरवून घूं घूं करणं. हा आवाज ऐकून गोठ्यातली म्हैस उभी राहते. शेजारच्या नव्या सुनेला वाटलं होतं, की मामांकडे कुणाला तरी बरं नाही. मग ट्रंबोनला लावून एक लांब सूर, मग दुसरा. या वेळी आपण काही विचारायचं नसतं. मामा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत असतात आणि चेहऱ्यावर आता जमलं असा भाव असतो. तो दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी फोन येतो.

"भाचे, काठ चांगला हाये. पण वाटी खोल पडली."

"मग?"

"मंग काय? बसत नाही बॉ."

मामांचं म्हणणं खोटं नसतं, हीच खरी पंचाईत आहे. काठ रुंद असला की ओठाला आराम वाटतो, पण मग ओठ अडकून पडतो, वरखाली चपळाईनं हलत नाही. काठ अरुंद केला की सूर पाखरागत उडतात आणि ओठ कापतो. वाटी खोल असली तर आवाज भरदार येतो, पण उंच सुरांना दम लागतो. उथळ केली तर उंच सूर सहज निघतात आणि सगळा आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा होतो. एक सुख घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं. मामांना रुंद काठाचा आराम हवा, अरुंद काठाची चपळाई हवी, खोल वाटीचा आवाज हवा, आणि वाटी उथळ हवी.

घरात दिवाळीच्या फराळाचा एक स्टीलचा डबा आहे. त्यात चकल्या असत. आता माउथपीस असतात. सगळ्यांत जुना जालन्याच्या एका बंद पडलेल्या बँडकडून ट्रंबोन घेतला तेव्हा सोबत आलेला. त्यावर नंबरच नाही. मग बारा सी. मग साडेसहा ए एल. हे नंबर अमेरिकेतल्या बाख कंपनीचे आणि ते उलटे चालतात: नंबर मोठा, तेवढी वाटी अरुंद. बारा सीची वाटी आतून २४.५ मिलिमीटर, साडेसहाची २५.४. एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. त्या फरकासाठी मामांनी दीड क्विंटल सोयाबीन विकलं. घरात माउथपीसची किंमत रुपयांत कधी सांगत नाहीत, क्विंटलमध्येच सांगतात. मामीनं एकदा सगळा डबा जमिनीवर ओतून हिशोब लावला आणि म्हणाली, "एवढ्यात बोअर झाला असता."

डब्यात एक युफोनियमचा माउथपीसही आहे. त्याची दांडी जाड, ट्रंबोनमध्ये जाईना, म्हणून मामांनी ती कानशीनं घासली. मग ती ढिली झाली, म्हणून नळाला लावतात तो पांढरा टेफ्लॉन टेप गुंडाळला. वरात ऐन मारुतीच्या पारासमोर आली असताना तो माउथपीस सुटून नवरदेवाच्या घोड्यापुढे पडला. घोडा शहाणा निघाला, बाजूनं गेला.

प्लास्टिकचाही एक आहे. खरं तर मामांसाठी तोच बरा. मे महिन्यात बँडची गाडी उन्हात उभी राहिली की पितळ असं तापतं, की ओठ लावायची सोय नसते. थंडीत उलट. प्लास्टिक ना तापत ना गारठत. पण मामा त्याला एकाही वरातीपुढे नेईनात. "अंगावर जरीचा कोट अन् ओठावर पिलास्टिक? लोक काय म्हणतील?" लोक नवरीकडे बघत असतात हे त्यांना कोण सांगणार?

हरिद्वारची गोष्ट गावात अजून निघते. गावातली मंडळी गंगास्नानाला निघाली तेव्हा मामाही उत्साहानं निघाले. दिल्लीहून हरिद्वारच्या वाटेवर मेरठ लागतं, आणि मेरठला जली कोठी आहे. सबंध देशातल्या बँडांची वाद्यं त्या भागातून जातात. नादिर अली आणि कंपनी तिथली, १८८५ पासूनची. मामा मेरठला उतरले. बाकीचे पुढे गेले, स्नान करून परत आले, तरी मामा एका दुकानात स्टुलावर बसून घूं घूं करत होते. दुकानदारानं दोनदा चहा पाजला होता आणि तिसऱ्यांदा शटर अर्धं ओढलं होतं. घरी आल्यावर मामीनं विचारलं, "गंगा पाह्यली?" मामा म्हणाले, "पाहू पुढच्या टायमाला. एक होता, बसलाच होता, पण गळा बारीक." गळा म्हणजे वाटीच्या तळाचं भोक.

याच्यानंतर मामांनी ठरवलं, की तयार मिळत नसेल तर घडवून घ्यायचा. मेहकरला एका लेथवाल्याकडे पितळी रॉड घेऊन गेले. तो माणूस मोटारपंपाचे बुश काढणारा. त्यानं विचारलं, "भोक किती सूत?" मामा म्हणाले, "दोन सूत. पण आत जाताना रुंदावलं पाह्यजे." "मोटर कोणती?" "मोटर नाही, तोंड." संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून एक चीज काढली. वजनाला पाव किलो. काठाला धार अशी, की पहिल्याच सुराला रक्त आलं. मामांनी पॉलिश पेपर घेऊन आठवडाभर काठ घासला. मग वाटी वाकडी झाली.

मी त्यांना एकदा व्हिन्सेंट बाखची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियात जन्मलेला, इंजिनिअरिंग शिकलेला आणि ट्रंपेट वाजवणारा माणूस. अमेरिकेत त्याचा लाडका माउथपीस एका कारागिरानं दुरुस्त करताना बिघडवला. मनासारखा दुसरा मिळेना, तेव्हा १९१८ साली न्यूयॉर्कला पायानं चालणारी लेथ घेऊन तो स्वतःच माउथपीस करायला बसला, आणि त्यातूनच कंपनी उभी राहिली. मामा गुडघ्याला मिठी मारून ऐकत होते. शेवटी मामीकडे बघून म्हणाले, "पाय. त्यालेही नोता बसत." त्या दिवसापासून बाख हे आमच्या घरात लांबच्या सोयऱ्याचं नाव झालं आहे.

मामांचा पुढचा दात हलायला लागला तेव्हा ते दातांच्या डॉक्टरकडे ट्रंबोन घेऊनच गेले. कॅप बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, "चावून दाखवा." मामा म्हणाले, "चावायचं पाहू मंग," आणि खुर्चीतच नळी लांब केली. बाहेर बाकावर बसलेल्यांतले दोघे उठून घरी गेले. दाताची जाडी केसभर बदलली तरी काठ वेगळ्या जागी टेकतो. म्हणजे मामांनी डॉक्टरांना तीनदा ती कॅप घासायला लावली ती उगाच नाही. पण डॉक्टरांना अजून वाटतं, की त्यांची चेष्टा केली.

प्रत्येक वादकाविषयी मामांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. आर. डी. बर्मनच्या वादकांत ट्रंबोन वाजवायचे ते ब्लास्को मोन्सोरात. त्यांच्या वाजवण्याबद्दल मी भरभरून बोललो. मामांनी मान डोलावली आणि विचारलं, "नंबर किती त्याचा?" पुण्याला माझ्याकडे गणपतीत आले, लक्ष्मी रोडवर प्रभात ब्रास बँड ऐकायला नेलं. सोलापूरकरांचा बँड, मराठी माणसानं रस्त्यावर उभं राहून ऐकावा असा. मामा बँडच्या सोबत उलटे चालत राहिले, म्हणजे तोंड वादकांकडे, पाठ गणपतीकडे. पोलिसानं हटकलं. रात्री त्यांना गणपती कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्या रांगेतल्या पोराचा काठ रुंद हाये. पण तो दाबत नाही, बरं का."

तो दाबत नाही. मामा दाबतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे. वीस वर्षांपूर्वी दाबत नव्हते. तेव्हा बँडच्या पुढे दुसरा आवाज नव्हता. आता मागून डीजेची गाडी येते. सोबत जनरेटर. ढोलाचा ठोका ट्रकातून सुटतो, तो घरांच्या भांड्यांना लागतो. त्यापुढे आपला सूर जावा म्हणून मामा वाद्य ओठांवर रेटतात. त्यात रस्ता. खड्ड्यात पाय पडला की धक्का आधी ओठाला बसतो, मग घोट्याला. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, दुखतं ते माउथपीसमुळे नाही, डीजेमुळे." मामांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "डीजे बदलता येते काय आपल्याले? माउथपीस बदलता येतो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी साडेसहापेक्षा थोडा रुंद काठाचा कोणता मिळतो ते बघायला लागलो.

मामांचा सूर कधी ऐकायचा असेल तर वरातीत नाही. एका १२ जानेवारीला सिंदखेडराजाला, जिजाऊ जन्मोत्सवाच्या पहाटे, आमच्याकडच्या पथकाबरोबर ते वाजवणार होते. नळीला लावायचं खास वंगण मामा वापरत नाहीत, खोबरेल तेल लावतात. थंडीत खोबरेल थिजलं, आणि नळी चौथ्या जागेवर अडकली. पुढे ना मागे. लोक जमलेले, मशाली पेटलेल्या. मामांनी त्या एकाच जागेवर ओठांच्या जोरावर जेवढे सूर निघतात तेवढे काढले, सबंध मिरवणूकभर. चुकला एकही नाही. कुठला माउथपीस होता म्हणून विचारलं तर आठवेना. अंधारात डब्यातून हाताला आला तो.

परवा गावी गेलो तर मामा ओसरीवर सगळा डबा मांडून बसले होते. एक कमी होता, लेथवाल्याचा. उशीखाली पाहिलं, कोटाचे खिसे पाहिले, शेजारच्या पोरांना दम दिला. शेवटी स्वयंपाकघरात मामी करडीचं तेल डब्यातून बाटलीत ओतताना सापडली. बाटलीच्या तोंडात तो पाव किलोचा माउथपीस उभा होता.

मला वाटलं, आता भांडण. मामा जवळ गेले, वाकून बघू लागले.

"सांडते काय?"

"एक थेंब नाही," मामी म्हणाली.

"अटकते काय मधी?"

"सरळ उतरते."

मामांनी बाटलीतून माउथपीस उपसला, राखेनं घासला, साबणानं धुतला, खिडकीकडे धरून एका डोळ्यानं पाहिला. ओठाला लावला. घूं घूं. म्हैस उठली.

"गळा बरोबर हाये याचा," ते म्हणाले. "माहं लक्षच नोतं गळ्याकडं."

"आन् मी तेल कायनं ओतू?"

मामा ओसरीवर आले, डब्यात हात घालून साडेसहा ए एल काढला, दीड क्विंटलचा, आणि तिच्या हातात ठेवला.

"हा घे. याचा काठ जाड हाये, हात घसरायचा नाही."