झाकण

आमच्या फियाटमधला टेंपरेचरचा काटा गेली दोन वर्षं कात्रजचा चढ लागला की लालाकडे निघायचा. पेट्रोलचा काटा कायमचा अर्ध्यावर, किलोमीटरचे आकडे कधीच थांबलेले. डॅशबोर्डवर हा एवढाच काटा काम करत होता, आणि घरात सगळ्यांचं ठाम मत की तो बिघडलाय.

गाडी 1986 ची, बाबांनी घेतलेली. आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी. हे नाव 1974 सालचं, पण 'जरा पद्मिनी काढ' असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती फियाटच राहिली. 1089 सीसीचं इंजिन, पुढं रेडिएटर, मागं पट्ट्यावर फिरणारा पंखा. बोनेट उघडलं की आत हात घालायला जागा दिसते, आणि जागा दिसली की माणसं हात घालतातच. मुंबईच्या रस्त्यांवरून 30 ऑक्टोबर 2023 पासून फियाट टॅक्स्या गेल्या, तेव्हा आईनं पेपर खाली ठेवून एकदा पार्किंगकडं बघितलं होतं. बोलली काही नाही.

या तापण्याची सुरुवात पसरणीच्या घाटात झाली. मे महिना, वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन, वर पाचगणीला निघालेलो. अर्ध्या घाटात काटा चढला. बोनेट उघडलं तर पंख्याचा पट्टा सैल पडलेला. हे माझ्यासारख्यालाही कळलं, कारण पट्टा कानातल्या डुलासारखा हलत होता. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद. म्हणून चाळीस मिनिटं थांबलो. मागच्या सीटवर आई झोपली. मग पंचा धरून झाकण काढलं, घाटाच्या कठड्यावर ठेवलं, पट्टा ताणला, बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं, हात पुसले आणि गाडी हाणली.

झाकण कठड्यावरच राहिलं.

पाचगणीत वाफा निघायला लागल्यावर ते लक्षात आलं. मंडळींना चहाला बसवून मी गुपचूप खाली उतरणारी रिक्षा पकडली आणि परत कठड्यापाशी गेलो. तिथं दोन माकडं बसली होती. मी काही म्हणत नाही. गावातल्या एका दुकानदारानं खोक्यात हात घालून झाकण काढलं आणि म्हणाला, "फियाटचं नाही, पण बसतंय." बसलं. दीडशे रुपये दिले आणि विषय माझ्यापुरता मिटला. घरी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. विशेषतः बाबांच्या वहीत 'रेडिएटर कॅप, नवी, ओरिजिनल' अशी तारखेसकट नोंद असताना तर मुळीच नव्हतं. झाकण म्हणजे झाकण. डब्याला असतं तसं.

त्यानंतर काटा चढला तो उतरेना.

पहिलं निदान शेजारच्या काकांचं. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांना मी मानतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उभी असताना तापते का चढाला?" म्हटलं, चढाला. "म्हणजे पंखा नाही, पाणी. उभ्या गाडीला वारा पंख्यानं मिळतो. पळणारी तापली तर पाणी बघायचं." मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनात वॉटर बॉडीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. आमच्या सोसायटीत गाणं इतकं मन लावून कुणी ऐकत नाही. "बेअरिंग गोड आहे," ते म्हणाले. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायला लावलं. सकाळी पेपरवर तेलाचे दोन थेंब, पाण्याचा एक नाही. रेडिएटर मात्र पाऊण लिटर प्यायला. "गळत नाही आणि राहत नाही," काका म्हणाले. "झाकण आहे ना व्यवस्थित?"

"आहे की," मी म्हणालो. जरा घाईनंच म्हणालो.

मेहुण्यानं हीटर चालू ठेवायला सांगितलं, इंजिनची उष्णता आत ओढली जाते म्हणून. विचार वाईट नाही. आमच्या गाडीत हीटर नाही.

गॅरेजवाल्याचं मत वेगळंच. "थर्मोस्टॅट काढून फेका. ते थंड देशातल्या गाड्यांना असतं." हे वाक्य मी आजवर इतक्या गॅरेजांत ऐकलंय की ते त्यांना परवान्याबरोबर छापून मिळत असावं. वास्तविक इंजिनला कामापुरतं गरम व्हावं लागतं, आणि तोवर पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. आत मेण असतं. ते वितळून फुगलं की झडप उघडते, साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान कुठंतरी. मी तो फेकला नाही, घरी आणला. चहाच्या भांड्यात पाणी घेतलं, त्याला दोरा बांधून आत सोडला आणि गॅस पेटवला. तापमान बघायला घरात तापाचा थर्मामीटर तेवढा होता, तो 42 च्या पुढं जात नाही. मग अंदाजावर चाललो. तळाशी बुडबुडे धरले, भांडं कुजबुजायला लागलं आणि अगदी उकळी फुटायच्या आधी ती पितळी झडप हळूच वर उचलली गेली. इतकी सावकाश, की कुणीतरी आतून दार किलकिलं करून बाहेर कोण आलंय ते बघतंय असं वाटलं. मी हरखून आईला हाक मारली.

आईनं झडपेकडं पाहिलंच नाही. "हे माझं चहाचं भांडं आहे," ती म्हणाली. ते भांडं आता बाल्कनीत तुळशीला पाणी घालायला आहे.

थर्मोस्टॅट निर्दोष. मग रेडिएटर उतरवून रॉडिंग करून आणला, होजपाइप बदलले, पट्टा बदलला. बेअरिंग गोड असूनही वॉटर बॉडी बदलली. काटा जैसे थे. शेवटी गॅरेजवाल्यानं हात पुसत ते वाक्य उच्चारलं, ज्याला जुन्या गाडीचा प्रत्येक मालक टरकून असतो: "हेड उघडावं लागेल. गॅस्केट गेलंय."

रात्री जेवताना मी ही बातमी सुतकी चेहऱ्यानं सांगितली.

"गॅस्केट ना?" आई म्हणाली. "माझ्याकडं नवंकोरं पडलंय. पाच लिटरच्या कुकरचं."

आम्ही हसलो. ती हसली नाही. "नीट बसलं नाही की वाफ कडेनं जाते, पाणी आटतं, शिट्टी होत नाही. खाली गळताना कधी दिसतं का?" आम्ही आणखी हसलो.

हेडचा खर्च ऐकून मी आठ दिवसांची मुदत मागितली. काकांनी डिपस्टिक ओढून बघितली. गॅस्केट गेलं तर तेलात पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा होतो. आमचं तेल काळंभोर. सायलेन्सरातून पांढरा धूरही नाही. तेव्हा रॉडिंग करणाऱ्या पोऱ्याला एकदा दाखवून घेऊ म्हणून रविवारी निघालो. आईला वाटेत मंडईत उतरायचं होतं, म्हणून ती मागं बसली. पण आधी रेडिएटरवाला लागला.

पोरगा असेल अठराएक वर्षांचा. मागच्या वेळी त्याच्यापुढं नुसता रेडिएटर आला होता, झाकण गॅरेजमध्येच होतं. इंजिन गार होईस्तोवर त्यानं वडापाव खाल्ला. मग झाकण काढलं, उलटं केलं आणि आतल्या स्प्रिंगवर अंगठा दाबला. स्प्रिंग लोण्यासारखी आत गेली. रबराचा वॉशर बोट घालून रेडिएटरच्या तोंडाशी मापला. वॉशर खाली टेकतच नव्हता.

"साहेब, हे झाकण नाय, हा कुकर आहे," तो म्हणाला. "दाब धरला तर पाणी शंभरला उकळत नाय, दहावीस डिग्री वर जातं. हे दाबच धरत नाय. चढाला पाणी उकळतं आन् नळीतून वाफ होऊन जातं. तुम्ही वर घाटात गेलात तर अजून लवकर."

खरंच होतं ते. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. मला त्यात दोन मार्क मिळाले होते.

त्यानं फळीवरून फियाटचं झाकण काढून लावलं. जुनं हातात धरून, ओरखडे बघत विचारलं, "असलं बसवलं कुणी?"

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

आधीचे मालक म्हणजे माझे बाबा, आणि मागच्या सीटवर आई. फियाटची मागची काच खाली घ्यायला हँडल बरंच फिरवावं लागतं. मी पाठ न वळवता वळसे मोजत उभा राहिलो. चौथ्या वळशाला हँडल थांबलं.