गारेचा व्यास

विमा कंपनीचे सतरा तारखेचे पत्र आमच्या हाती अठ्ठावीस तारखेस पडले, आणि त्यात आमच्या घरावरील एकतीस पत्रे फुटल्याबद्दल कंपनीस वाटलेला खेद अर्ध्या ओळीत आटोपून, उरलेल्या अडीच पानांत, कलमे आणि पोटकलमे यांच्या आडून, एकच प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा पुसण्यात आला होता: घटनेच्या सायंकाळी पडलेल्या गारेचा व्यास किती होता? उत्तर मिलिमीटरमध्ये द्यावे, अजमासे लिहू नये, आणि मोजमाप चालू असतानाचे छायाचित्र सोबत जोडावे, अशी पुस्तीही होती. मोजमाप चालू असताना मोजणाऱ्याने कोठे उभे राहावे, याविषयी मात्र पत्र मौन बाळगते. त्या सायंकाळी आम्ही, आमचे कुटुंब आणि आश्रयास शिरलेली शेजाऱ्यांची शेळी असे तिघे लाकडी पलंगाखाली होतो. तेथून व्यास दिसत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आम्ही पहिल्याच अर्जात, ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात, कोणताही आडपडदा न ठेवता दिलेले होते: ‘लिंबाएवढी गार’. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, आवळ्याएवढी आणि लिंबाएवढी अशी गारेची चढती श्रेणी आमच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असून, प्रत्येक पायरीचे नुकसानही ठरलेले आहे. हरभऱ्याने आंब्याचा मोहोर जातो, बोराने द्राक्षाचा मणी तडकतो, सुपारीने कौल, आवळ्याने सिमेंटचा पत्रा, आणि लिंबाने पत्र्याखालचा माणूस. बाजाराच्या दिवशी कोणी ‘आवळ्याएवढी’ इतकेच म्हणाला, की ऐकणारा पुढची कैफियत न विचारता चुकचुकतो आणि चहा सांगतो. हवामानशास्त्रासही या बाबतीत फारसा हट्ट नाही. ५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फगोळ्यापासून पुढे ते गार म्हणावयास राजी आहे. कंपनी राजी नाही. ‘लिंबू हे परिमाण आमच्या दप्तरी मान्य नसल्याने, सबब खुलासा करावा,’ असे तिने कळविले.

आम्ही खुलासा करावयास बसलो. कोणते लिंबू, हा पहिलाच पेच. ईडलिंबू म्हणावे, तर खोटे विधान केल्याबद्दल सबंध दावाच बाद करणारे एक कलम कागदाच्या तळाशी दबा धरून बसलेले होते. आणि नुसते लिंबू म्हणून सोडावे, तर पुन्हा खुलासा मागविला जाणार. अखेर आम्ही मंडईतून सहा कागदी लिंबे आणविली, लेथवाल्याकडून व्हर्निअर कॅलिपर मागून घेतला, आणि दोन पंचांच्या समक्ष, ओसरीवर, पाटावर मांडून, प्रत्येक लिंबाचे मोजमाप केले. ते ३६, ३८, ३९, ४१, ४२ आणि ४४ मिलिमीटर भरले, सरासरी ४०. हा तक्ता, पंचांच्या सह्यांनिशी, पोचपावतीच्या टपालाने आम्ही रवाना केला, आणि आता कंपनीजवळ बोलावयास काही उरले नाही, अशा समजुतीने त्या रात्री स्वस्थ निजलो. कंपनीजवळ पुष्कळ उरले होते. तिचे म्हणणे असे की, मोजलेली लिंबे घटनेच्या तारखेनंतर खरेदी केलेली असून चैत्रातील आणि वैशाखातील लिंबांच्या आकारमानात ऋतुपरत्वे तफावत संभवते. लिंबांचे बिल जोडलेले नाही. आणि मुख्य आक्षेप हा की, लिंबू हे पूर्णगोल नसून किंचित लांबट असल्याने, घेतलेले माप आडव्या अक्षाचे की उभ्या अक्षाचे, हे तक्त्यात नमूद नाही. हे पत्र वाचताना आमच्या मनात कंपनीविषयी प्रथमच आदर उत्पन्न झाला. ज्या कचेरीत लिंबाच्या दोन अक्षांचा विचार करणारा मनुष्य पगारावर ठेवलेला आहे, त्या कचेरीत फुटक्या पत्र्याचा विचार करणारा एखादा तरी असेल, अशी वेडी आशाही वाटली. तथापि फेरमोजणी अशक्य होती, कारण ती सहा लिंबे एव्हाना, मिठामसाल्यासह, लोणच्याच्या बरणीत रुजू झालेली होती. बरणी पाठवू काय, असे आम्ही विनयपूर्वक विचारले. उत्तर नाही.

मध्यंतरी, म्हणजे घटनेच्या बाराव्या दिवशी, सर्वेक्षक येऊन गेले. मोठ्या रकमेचा दावा परवानाधारक सर्वेक्षकाच्या अहवालावाचून मंजूर होत नाही, ही व्यवस्था १९३८ च्या विमा कायद्यातच आहे आणि आमची तिला हरकत नाही. आलेले गृहस्थ तरुण होते, सुशील होते, ४२ अंशांच्या उन्हातून आले होते, त्यांनी पन्हे दोन वेळा घेतले, आणि मग घाम पुसत, शिडीकडे न वळता, विचारले, “काका, गार कुठंय?”

या प्रश्नाची आमच्या वहिनींना आधीच कुणकुण असावी. गारपीट थांबताच त्यांनी अंगणातील दोन ठळक गारा वेचून, वाटीत घालून, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. पण ज्या वादळाने गारा आणल्या त्यानेच विजेचे खांबही आडवे केले, आणि एकोणीस तास वीज नव्हती. वहिनींनी वाटी आणून पुढे ठेवली. सर्वेक्षकांनी तिचे छायाचित्र घेतले, आणि अहवालात लिहिले: ‘विमेदाराने पुराव्यादाखल पाणी (सुमारे अर्धी वाटी) दाखविले.’ या वाक्यात असत्य असे एक अक्षरही नाही.

सरकारी दाखला आणा, असे सांगून ते गेले. आम्ही तो आणला. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात त्या सायंकाळी गार पडलीच होती. परंतु यंत्राचा स्वभाव असा की, त्यात पडलेली गार वितळते आणि पाऊस म्हणून मोजली जाते. सबब दाखल्यावर ११ मिलिमीटर पाऊस आला. कंपनीने तत्परतेने कळविले की, ११ मिलिमीटर पावसाने पत्रा फुटत नाही. हेही खरेच आहे.

एका शब्दासाठी इतकी यातायात का, म्हणून आम्ही मूळ करारपत्र काढून, भिंग घेऊन, वाचावयास बसलो. ज्या आपत्तींपासून कंपनी आमच्या घरास अभय देते त्यांची यादी तेथे दिलेली आहे. त्यात वादळ आहे, चक्रीवादळ आहे, टायफून आहे, हरिकेन आहे, टॉर्नेडो आहे. एकाच जातीच्या वावटळीस पश्चिम प्रशांत महासागरात टायफून म्हणतात आणि अटलांटिकात हरिकेन, तेव्हा मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातील आमचे घर या दोन्ही महासागरांवर सुरक्षित आहे, हे वाचून समाधान वाटले. त्सुनामी आहे, समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आणि मध्ये सह्याद्री उभा, तरीही आहे. ज्वालामुखीचा उद्रेक आहे. आमच्या पायाखालचा काळा पाषाण ज्या उद्रेकांतून आला ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आटोपले, आणि त्या वेळचा कोणताही दावा प्रलंबित असल्याचे ऐकिवात नाही. आणि क्षेपणास्त्रांची चाचणी आहे. वाचकहो, ही थट्टा नव्हे. आपापली करारपत्रे काढून पाहावीत, बहुतेकांत आढळेल. चाचणीचे क्षेपणास्त्र भरकटून आमच्या आढ्यावर कोसळले, तर त्याचा व्यास कोणी विचारणार नाही. यादीत नाही ती गार. फाल्गुन-चैत्रात जी येते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जिने मराठवाड्याची उभी पिके आडवी केली, जिच्या भीतीने आमच्याकडील माणूस उन्हाळ्यातला काळा ढग पाहून हात जोडतो, त्या गारेस त्या भल्या मोठ्या यादीत नावाने जागा नाही. तिला ‘वादळ’ या शब्दाच्या वळचणीस उभे राहून आपण वादळाच्याच घरच्या आहोत हे शाबीत करावे लागते, आणि त्यासाठी व्यास.

येथवर आम्ही हसत लिहीत आलो. पुढचे हसून लिहिता येत नाही. आमच्या घरावर पूर्वी पत्रे नव्हतेच. हात-दीड हात मातीचे माळवद होते, त्यावर लिंबाएवढीच काय, नारळाएवढी गार पडली असती तरी मातीने ती गिळली असती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, विसर्जन आटोपून निजलेल्या गावांवर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने तीच माती आणि तेच दगड लोटले. तेव्हापासून आमच्या भागातील माणसास डोक्यावर जड छप्पर सोसवत नाही. १९९४ साली आम्ही माळवद उतरवून सिमेंटचे पत्रे घातले. जमिनीच्या भयाने ज्यांनी छप्पर हलके केले त्यांना आता आकाशाचे भय आहे, हे साधे दुःख समजून घ्यावयास व्हर्निअर लागत नाही. आणि हप्ता? तो नऊ वर्षे, ठरल्या तारखेस, आमच्या खात्यातून कंपनी स्वहस्ते उचलून नेत आली. त्या नऊ वर्षांत तिने छपराचे वय विचारले नाही, जात विचारली नाही, शिडी लावून एकदा वर पाहिले नाही. करारपत्र चोवीस पानांचे, मुंगीच्या पावलांएवढ्या टाइपाचे आणि इंग्रजीत. ज्यांच्या सह्या मराठीत घेतल्या त्यांना अटी मात्र परक्या भाषेत ऐकवावयाच्या, ही लबाडी आहे आणि तिला दुसरा शब्द नाही! त्या चोवीस पानांत एक कलम म्हणते की, सर्वेक्षण होईपर्यंत पडझडीस हात लावू नये. दुसरे म्हणते की, नुकसान वाढू नये म्हणून वाजवी ती सर्व काळजी विमेदाराने घ्यावी. या दोन कलमांच्या मध्ये आम्ही बारा दिवस राहिलो. पाचव्या दिवशी अवकाळी पाऊस आला, तेव्हा दक्षिणेच्या पाख्यावर आम्ही ताडपत्री ओढली. उत्तरेच्या पाख्यास ती पुरली नाही. अहवालात ताडपत्रीखालचे सात पत्रे ‘मूळ स्थितीत फेरफार केल्यामुळे’ वगळले आहेत, आणि उत्तरेकडच्या खोलीत भिजलेल्या गाद्या व पुस्तकांचे कपाट ‘काळजी घेण्यात कसूर झाल्यामुळे’. झाकले म्हणून कापले आणि उघडे ठेवले म्हणूनही कापले. तिसरा प्रकार कोणता करावयाचा होता, हे त्या सुशील गृहस्थांनी पन्ह्याच्या तिसऱ्या पेल्यावर तरी सांगावयास हवे होते.

परवा निकालाचे पत्र आले. एकतीस पत्र्यांपैकी फेरफाराचे सात गेले, आणखी अकरा पूर्वीच्या झिजेचे ठरले, तेरा मान्य झाले. तेरांची किंमत ११,७०० रुपये. त्यातून घसारा ७० टक्के. राहिले ३,५१० रुपये. त्यातून मोडक्या पत्र्यांचे भंगारमूल्य, पत्र्यामागे ४० रुपये, वजा. सिमेंटचा फुटका पत्रा गावातील भंगारवाला फुकटही उचलीत नाही. कंपनीने तो त्या दराने घेऊन जावा, आम्ही बैलगाडीचे भाडे देऊ, असे आम्ही उलट टपाली कळविले आहे.

मंजूर रक्कम २,९९० रुपये. मृग लागावयास एकोणीस दिवस उरले आहेत, आणि उत्तरेच्या पाख्यावर अद्याप एकही नवा पत्रा चढलेला नाही.